गोफणीचा दगड आणि गोल्फचा चेंडू

द्वितीय वर्ष कला

गोल्फ हा शब्द वाचताच आमच्या महाविद्यालयातील पुष्कळसे वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. हा खेळ आपला नव्हे, तो साहेबलोकांचा, असे आपण धरून चालतो आणि ते फारसे चूकही नाही. तरीही या अंकासाठी काहीतरी लिही असे मराठीच्या सरांनी सांगितले, तेव्हा मला दुसरा विषय सुचला नाही. कारण साधे आहे. पुण्यातील एका गोल्फ मैदानावर माझे आजोबा गवत कापण्याचे काम करीत. त्याच मैदानावर माझे वडील गेली सव्वीस वर्षे कॅडी आहेत. मी स्वतः बारावीपासून शनिवारी, रविवारी आणि सुट्टीत तेथे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलतो. महाविद्यालयाची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिलाच, आणि ती पायरी चढण्याचे पैसे पुष्कळसे या बॅगांतूनच आलेले आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या मैदानावर अठरा ठिकाणी अठरा भोके असतात. दूरवरून, कधी दीडशे तर कधी साडेपाचशे यार्डांवरून, चेंडू मारीत मारीत त्या भोकापर्यंत न्यायचा आणि कमीत कमी फटक्यांत आत घालायचा, एवढाच खेळ. यार्ड म्हणजे तीन फूट, एका लांब पावलाएवढे अंतर. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. त्यांतील सर्वांत लांब काठी म्हणजे ड्रायव्हर. चेंडू टी नावाच्या छोट्या खुंटीवर ठेवून या ड्रायव्हरने पहिला फटका मारतात. अठरा भोके पुरी करताना आठ-नऊ किलोमीटर चालणे होते. कॅडीने बारा-पंधरा किलोची बॅग खांद्यावर घेऊन चालायचे, चेंडू कोठे पडला ते ध्यानात ठेवायचे आणि विचारले तर अंतर सांगायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाचा एकच ध्यास असतो : माझा ड्रायव्हरचा फटका आणखी लांब कसा जाईल? गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मी एका गृहस्थांची बॅग घेतली होती. पन्नाशीचे, धिप्पाड, रोज व्यायाम करणारे. त्यांचा फटका काही केल्या १८० यार्डांच्या पुढे जाईना. बरोबरचे गृहस्थ शरीराने त्यांच्या निम्मे, पण ते सहज २२० यार्ड मारीत. प्रत्येक होलला आमचे साहेब अधिकाधिक जोर लावू लागले आणि चेंडू अधिकाधिक जवळ पडू लागला. सातव्या होलला ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉलेजात जातोस ना? मग सांग बघू, कुठं चुकतंय?" मी सरळ सांगून टाकले, "साहेब, तुम्ही जोर लावता म्हणूनच चेंडू जवळ पडतो." बरोबरची मंडळी हसली. साहेब हसले नाहीत. उरलेले अकरा होल ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि पुढचे दोन रविवार माझा नंबर पुकारला गेला नाही.

घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू चुकीचं बोललास असं नाही. पण विचारलं तरी सगळं सांगायचं नसतं." मला मात्र वेगळाच प्रश्न छळू लागला. मी बोललो ते डोळ्यांनी पाहिलेले होते. पण ते तसे का होते, हे मला तरी कोठे ठाऊक होते? ते दोन रिकामे रविवार आणि त्यानंतरच्या कित्येक दुपारी मी ग्रंथालयात काढल्या. ग्रंथपालांनी गतिविज्ञानाची मराठी पुस्तके काढून दिली, भूगोलाच्या सरांनी हवेविषयी समजावून दिले, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शाळेत न गेलेल्या आमच्या आबांनी सांगितली. त्या सर्वांचे सार म्हणजे हा लेख.

पहिली गोष्ट अशी की, गोल्फचा चेंडू ढकलता येत नाही. ड्रायव्हरचे डोके आणि चेंडू यांचा स्पर्श किती वेळ टिकतो? एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यांतील सुमारे एका भागाएवढा. एवढ्या वेळात काठीचे डोके इंचभरसुद्धा पुढे सरकत नाही. हाताला चेंडूचा धक्का जाणवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे स्पर्शाच्या क्षणी दात-ओठ खाऊन लावलेला जोर चेंडूपर्यंत पोहोचतच नाही. चेंडूपर्यंत पोहोचतो तो काठीच्या डोक्याने त्या क्षणापर्यंत मिळवलेला वेग, डोके कोणत्या दिशेने चालले आहे ती दिशा, आणि चेंडू डोक्याच्या कोणत्या भागाला लागला ती जागा. या तीन गोष्टींखेरीज चौथे काहीही चेंडूला कळत नाही.

यांतील वेगाचा हिशेब पाहू. ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते. चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये. आपण कॅरम खेळतो तेव्हा जड स्ट्रायकर हलक्या सोंगटीवर नेमका आदळला की सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जोरात पळते. येथेही तेच घडते. काठीचे डोके ताशी १०० मैलांच्या वेगाने येऊन चेंडूला नेमके मध्यावर लागले, तर चेंडू ताशी १५० मैलांच्या आसपास वेगाने सुटतो. डोक्याचा वेग ताशी एका मैलाने वाढला की चेंडू सुमारे अडीच यार्ड पुढे जातो, असा ढोबळ आडाखा आहे. तेव्हा दहा मैलांचा वेग वाढवणे म्हणजे पंचवीस यार्ड मिळवणे होय.

मग वेग वाढवायचा कसा? येथे आमचे आबा उपयोगी पडले. आबा मूळचे माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून ते पुण्याला आले. त्यापूर्वी लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकण्याचे काम त्यांच्याकडे असे. एका संध्याकाळी मी अण्णांना त्या साहेबांच्या फटक्याची नक्कल करून दाखवीत होतो. आबा खाटेवरून पाहत होते. ते म्हणाले, "आरं, हा तर गोफण मुठीत आवळून धरतूय. मूठ आवळली का दगुड पायापाशीच पडतूय. हात थांबला पायजे, मग दोरी पळती."

हात थांबला की दोरी पळते, या एका वाक्याने माझी गाठ सुटली. पुढे पुस्तकांतही मला हेच सापडले. इंग्लंडमध्ये १९६८ साली अलास्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स या दोघांनी गोल्फच्या फटक्याचा शास्त्रीय अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यांनी फटक्याची तुलना जोडलंबकाशी केली आहे. एका लंबकाच्या टोकाला दुसरा लंबक टांगलेला असावा, तसा हा प्रकार. खांद्यापासून मुठीपर्यंतचा हात हा पहिला लंबक आणि मुठीपासून पुढची काठी हा दुसरा. पहिला लंबक वेग घेतो आणि मग मंदावतो. तो मंदावताना त्याचा वेग दुसऱ्याकडे जातो आणि दुसरा जोरात पुढे झेपावतो. चांगल्या खेळाडूच्या मुठीचा वेग स्पर्शाच्या क्षणी काठीच्या डोक्याच्या वेगाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढाच असतो. मूठ मागे राहते, डोके पुढे पळते. आसूड ओढताना टोक कडाडते तेही याच कारणाने.

वेग देण्याची ही साखळी मुठीपाशी सुरू होत नाही, ती पायापासून सुरू होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे उदाहरण घेऊ. काठी मागे नेताना त्याचे खांदे जवळजवळ काटकोनात वळतात, कंबर त्याच्या निम्मीच वळते, आणि त्यामुळे पाठीला पीळ बसतो. काठी वर पोहोचते न पोहोचते तोच भार डाव्या पायावर येऊ लागतो. नंतर कंबर वळते, मग धड, मग हात, आणि अगदी शेवटी मनगट सुटते. प्रत्येक भाग पुढच्याला वेग देतो आणि स्वतः मंदावतो. नवखा खेळाडू नेमका उलट क्रमाने जातो. तो वरूनच हाताने सुरुवात करतो, मनगट आधीच सोडून बसतो, आणि चेंडूपाशी येईपर्यंत देण्यासारखे त्याच्याजवळ काही उरत नाही. आमच्या त्या साहेबांचे नेमके हेच होत होते. ताकद होती, पण ती चेंडूच्या चार फूट आधीच खर्च होत होती.

हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. तिला पैसा लागत नाही आणि चेंडूही लागत नाही. ड्रायव्हर उलटा धरावा, म्हणजे डोक्याकडची बाजू हातात घ्यावी, आणि हवेत फिरवावा. 'सूं' असा आवाज येतो. तो उजव्या खांद्यापाशी ऐकू आला तर वेग आधीच संपला असे समजावे. जेथे चेंडू ठेवला असता त्या जागेपाशी किंवा किंचित पुढे आवाज आला पाहिजे. बॅगा उचलता उचलता आम्हा कॅडींना या आवाजाची इतकी सवय होते, की पाठ वळवून उभे असलो तरी फटका कसा बसला ते कळते.

मुठीची पकड हाही याचाच भाग. बोटे पांढरी पडेपर्यंत काठी आवळली की मनगट ताठरते, आणि ताठर मनगट वेळेवर सुटत नाही. अण्णा नव्या पोरांना सांगतात, "पिकलेलं सीताफळ धरल्यासारखी धर. पडू द्यायचं नाही आणि फुटूही द्यायचं नाही."

वेगानंतर येते जागा. ड्रायव्हरचे डोके बरेच मोठे दिसते. नियमाने ते ४६० घन सेंटिमीटरपर्यंत असू शकते. तरी नेमका मध्य फार छोटा असतो. चेंडू मध्यापासून अर्धा इंच बाजूला लागला तर डोके स्वतःभोवती वळते आणि दहा-पंधरा यार्ड सहज जातात. म्हणून वेग वाढवण्याच्या नादात मध्य चुकू लागला, तर मिळवले त्याहून गमावले जास्त असा प्रकार होतो. मध्य सापडतो की नाही हे पाहण्यासाठी डोक्याच्या पुढच्या बाजूला थोडी टाल्कम पावडर लावावी. प्रत्येक फटक्यानंतर चेंडूचा ठसा उमटतो आणि कोणाला विचारावे लागत नाही. स्वतःची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी तर ही युक्ती फार सोयीची आहे.

तिसरी गोष्ट दिशेची. येथे दिशा म्हणजे डावी-उजवी नव्हे, तर खाली-वर. शाळेत आपण शिकलो की ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते. पण ते हवा नसती तर. शिवाय चेंडूला इतका तिरपा उडवताना वेगाचा मोठा भाग वाया जातो. ड्रायव्हरचा फटका साधारण १२ ते १५ अंशांत वर निघाला तर उत्तम, असा अनुभव आहे. त्यासाठी चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर ठेवावा. टी एवढी उंच असावी, की जमिनीवर टेकलेल्या ड्रायव्हरच्या माथ्यावर चेंडूचा निम्मा भाग दिसेल. म्हणजे काठीचे डोके सर्वांत खालचा बिंदू ओलांडून किंचित वर चढत असताना चेंडूला भेटते. पुष्कळजण कुऱ्हाड मारावी तसे वरून खाली मारतात. त्यात चेंडूला उलटी फिरकी फार बसते, तो वर वर चढतो आणि दम संपून खाली पडतो. तोच वेग कायम ठेवून, खाली मारण्याऐवजी वर चढता फटका मारला, तर वीस यार्डांच्या आसपास फरक पडू शकतो.

उलटी फिरकी हा शब्द आला, तेव्हा त्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ड्रायव्हरच्या चांगल्या फटक्यात चेंडू मिनिटाला सुमारे अडीच हजार वेळा उलटा फिरत जातो. एडिंबरा विद्यापीठात पीटर गथ्री टेट नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी अजिंक्यवीर. मुलाचा चेंडू नुसत्या गणिताने यावा त्याहून लांब जातो आणि हवेत अधिक काळ टिकतो. तो का टिकतो, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की उलटी फिरकी चेंडूला खालून उचलून धरते. फिरणारा चेंडू आपल्यामागची हवा खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. फिरकी मुळीच नसेल तर चेंडू लवकर पडतो, फार असेल तर वर चढून अडतो. मधले माप साधले पाहिजे.

चेंडूवरचे खळगेही शोभेसाठी नसतात. पूर्वी गटापर्चाचे गुळगुळीत चेंडू असत. वापरून ओरखडे पडलेले जुने चेंडू नव्यांपेक्षा लांब जातात, हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि मग मुद्दाम खडबडीत चेंडू निघू लागले. खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि अडथळा जवळजवळ निम्मा होतो. आजचा चेंडू जर गुळगुळीत केला, तर तो निम्मेच अंतर जाईल.

हवेविषयी भूगोलाच्या सरांनी सांगितलेली गोष्टही नमूद करतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. हवा तेवढी विरळ, म्हणून मुंबईत २०० यार्ड जाणारा फटका येथे चार-पाच यार्ड पुढे पडतो. डिसेंबरातल्या सकाळी गार, घट्ट हवेत तोच फटका आखडतो. गार चेंडूही कमी उसळतो. दमट हवा जड असते असे आपण समजतो, पण वास्तविक पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असल्यामुळे दमट हवा किंचित हलकीच असते. पावसाळ्यात फटका आखूड होतो तो हवेमुळे नव्हे, तर चेंडू पडतो तेथेच रुततो म्हणून. मे महिन्यात जमीन तापून टणक होते, तेव्हा चेंडू पडल्यावर तीस-चाळीस पावले घरंगळतो, आणि त्या महिन्यात सगळ्यांनाच आपण सुधारलो असे वाटते!

आता कोणी म्हणेल, ताकदीला काहीच अर्थ नाही काय? तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेच्या ब्रायसन डीशॅम्बो याने २०१९-२० मध्ये व्यायाम आणि आहार यांच्या जोरावर अंगात भरपूर बळ कमावले, त्या मोसमात सरासरी ३२० यार्डांच्या वर फटके मारले आणि सप्टेंबर २०२० मध्ये यू. एस. ओपन ही स्पर्धा सहा फटक्यांच्या फरकाने जिंकली. मांड्या, कंबर आणि पाठ यांत बळ आले तर साखळीतील प्रत्येक कडी अधिक वेगाने फिरते. म्हणजे ताकद उपयोगी आहे, पण ती साखळीतून आली तर. साधनांचेही तसेच. १९८० साली अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंची सरासरी सुमारे २५७ यार्ड होती, अलीकडे ती ३०० च्या आसपास आहे. लाकडी डोक्यांच्या जागी पोलादी आणि मग टायटॅनियमची डोकी आली, चेंडू सुधारले, खेळाडूही व्यायाम करू लागले. पण दरवर्षी नवा ड्रायव्हर घेणारे आणि दरवर्षी तेथेच चेंडू टाकणारे साहेब मी पाहिले आहेत. लांब दांड्याचा ड्रायव्हर घेतला तर वेग वाढतो आणि मध्य चुकतो. जमाखर्च पुन्हा तोच.

शिवाय लांबी म्हणजे सर्वस्व नव्हे. कोलकात्याचे शिवशंकर प्रसाद चौरासिया यांचे वडील मैदानाची निगा राखणारे माळी होते. चौरासिया स्वतः कॅडी म्हणून वाढले. लांब मारणाऱ्यांत त्यांची गणना कधी झाली नाही, पण जवळच्या फटक्यांच्या बळावर त्यांनी इंडियन ओपन २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दिल्लीचे अली शेर हेही कॅडींतूनच आलेले. त्यांनी १९९१ साली हीच स्पर्धा जिंकली, तेव्हा सव्वीस वर्षांनी ती एका भारतीयाकडे आली होती. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक चौथी आली. तिचे पदक एका फटक्याने हुकले. तिचे ड्रायव्हरचे फटके तेथे आलेल्या खेळाडूंत सर्वांत आखूड असणाऱ्यांपैकी होते. तरीसुद्धा पहिला फटका लांब गेला तर दुसरा सोपा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच तर एवढा खटाटोप.

असो. एवढे सगळे समजल्यावर ते करून पाहण्याची इच्छा झाली नसती तरच नवल. आमच्या मैदानावर सोमवारी साहेबांचा खेळ बंद असतो आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. अण्णांनी बरीच वर्षे खेळणे सोडले होते. सव्वीस वर्षे एकाच खांद्यावर बॅग घेतल्याने त्यांचा डावा खांदा दोन बोटे खाली आला आहे, आणि चार फटके मारले की तो दुखू लागतो. या दिवाळीच्या सुट्टीत एका सोमवारी मी त्यांना आग्रह करून नेले. कोणीतरी टाकून दिलेला एक जुना ड्रायव्हर आमच्याकडे होता. अण्णांनी पहिला फटका मारला. मी पावलांनी मोजला : १६८. दुसरा १६५. तेही खांद्याच्या जोरानेच मारीत होते! सव्वीस वर्षे हजारो लोकांचे फटके पाहिलेला माणूस, पण स्वतः मारताना त्यांची मूठ आवळलेलीच होती. आयुष्यभर सगळी कामे खांद्यानेच केली, तर दुसरे काय होणार?

मी काहीच बोललो नाही. विचारल्याशिवाय सांगायचे नाही आणि विचारले तरी सगळे सांगायचे नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. अण्णा थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हं, बोला मास्तर. कुठं चुकतंय?"

मी सांगितले. टी थोडी उंच केली, चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवला. खांदा विसरा, डावा पाय आधी टेका, कंबर वळू द्या, हात मागून येऊ देत, म्हटले. आबांची गोफण आठवा, म्हटले. पहिले तीन फटके वाईट गेले. एक तर जमिनीवरून सरपटत गेला आणि आम्ही दोघे हसलो. चौथ्या वेळी मात्र मुठीने काही केल्यासारखे वाटलेच नाही, आणि चेंडू नुसता टिचकी मारल्यासारखा आवाज करून निघून गेला. मी बॅग उचलली आणि मोजत निघालो. १९०, १९५, २००. चेंडू २०६ पावलांवर होता. अण्णा मागून येत होते. आले, चेंडूकडे पाहिले, खांदा चोळायला हात वर नेला आणि म्हणाले, "दुखला नाही."

त्या साहेबांची बॅग अलीकडे पुन्हा एकदोनदा माझ्याकडे आली. ते पूर्वीसारखाच जोर लावतात. त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. हा अंक त्यांच्या हाती पडण्याचा फारसा संभव नाही. पडलाच, तर त्यांनी त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ते द्यायला मला दीड वर्ष लागले, याबद्दल क्षमा असावी.